अभिनय अपुरा

तनिष्का शेवाळेला पुन्हा हसू फुटलं आणि समोर पलंगावर बसलेल्या रुग्णोबाने दुखावून डोळे मिटून घेतले. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'रुग्णाचा विश्वास शून्य. सत्र समाप्त.'

"शेवाळे!" काचेपलीकडून लोखंडे मॅडमचा आवाज आला. "माणूस जगण्याला कंटाळलोय म्हणून सांगतोय आणि तू दात काढतेस?"

"सॉरी मॅडम. पण ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला की मला आवरतच नाही."

"रुग्ण आहे तो. कपाळावर मारेल, नाहीतर गुडघ्यावर मारेल. तू ऊठ आणि बाहेर ये."

तनिष्का बाहेर आली. मनोरुग्ण परिचर्येच्या प्रात्यक्षिकात ती आधीच एकदा आपटली होती, तेही हसण्यामुळेच. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि या वेळी गाडी घसरली तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं. विट्याला तिच्या आईने पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला 'आमची तनू यंदा शिस्टर होणार' असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे नापास झाली असती तर आईला निदान निम्म्या विट्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

कऱ्हाडजवळच्या त्या नर्सिंग कॉलेजात रुग्णोबा त्याच वर्षी आला होता. कागदोपत्री त्याचं नाव 'संवेदी सादृश्य रुग्ण' असं भारदस्त होतं, पण एवढं बोलेपर्यंत खरा रुग्ण दगावेल म्हणून मुलींनी त्याचं बारसं केलं. तोवर रक्त काढायला यंत्रं आली होती, सलाईन लावायला आली होती, वॉर्डात गोळ्या वाटत फिरणारी चाकाची पेटीही आली होती. नर्सकडे उरलं होतं ते माणसाशी बोलायचं काम. आणि तेच शिकवायला आता यंत्र आणावं लागलं होतं. यातली गंमत कुणाच्या लक्षात आली नाही, कारण उद्घाटनाला पेढे होते.

विज्ञान तसं सरळ होतं. रुग्णोबाच्या रबरी कातडीखाली बारीक मोटारी होत्या. त्या भुवया पाडत, ओठ थरथरवत, डोळ्यांत पाणीसुद्धा आणत. डोक्याच्या वरच्या बाजूला एक कॅमेरा होता, त्याला सगळे 'नजर' म्हणत. समोरच्या मुलीचा आवाज कुठे चढला, कुठे तुटला, ती किती वेळ गप्प बसली, हे सगळं नजर टिपायची आणि त्यावरून रुग्णोबाने मन किती उघडायचं ते ठरायचं. मात्र दु:ख म्हणजे काय, हे रुग्णोबाला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. लहान मूल घरातल्यांकडे बघून बोलायला शिकतं, तसा तो चित्रफिती बघून दु:ख शिकला होता. त्या चित्रफितींत जो चेहरा दिसला तो त्याचा चेहरा, आणि जो हुंदका ऐकला तो त्याचा हुंदका. समोरचा माणूस मनाने आजारी आहे की नाही हे ओळखतानाही नजर हाच गज लावायची. चित्रफितींसारखा वागतो तो आजारी, बाकीचे धडधाकट.

आता घोळ कुठे झाला ते बघा. खऱ्या मनोरुग्णांचं चित्रण वापरायला कायद्याने मनाई, आणि ती योग्यच आहे. मग यंत्र बनवणाऱ्या मंडळींनी नर्सिंग कॉलेजांकडे रोल-प्लेच्या चित्रफिती मागितल्या. या कॉलेजाकडे अशा फिती ढिगाने होत्या. नीट, स्वच्छ, आवाज खणखणीत. त्या सगळ्यांत रुग्ण मात्र एकच होता : दिगंबर पाटणकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम कऱ्हाड.

दिगूकाकांना नाटकाचं वेड होतं. पाटबंधारे खात्याने त्यांना पगार दिला, पण त्यांचा जीव रंगभूमीवर. निवृत्तीनंतर लोखंडे मॅडमनी 'मुलींसमोर रुग्णाचं सोंग घ्याल का?' म्हणून विचारलं आणि काका दर मंगळवारी हजर राहू लागले. मॅडमनी एक शिस्त घालून दिली होती. वॉर्डातला निळ्या पट्ट्यांचा शर्ट अंगात चढवला की काका रुग्ण. सत्र संपलं की शर्ट काढायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'मी दिगंबर पाटणकर. मला काहीही झालेलं नाही. मी आता घरी जाऊन आमटीभात खाणार.' सोंग अंगाला चिकटून घरापर्यंत जाऊ नये म्हणून असं करतात. काका हे वाक्यसुद्धा असं फेकायचे की कॉरिडॉरमधून जाणारे लोक थबकायचे.

काकांचा अभिनय घडला होता उघड्या मैदानातल्या शेवटच्या रांगेसाठी. दोन हातांवर बसलेल्या विद्यार्थिनीसमोरही ते तेवढ्याच जोराने खचायचे. "कोण आहे माझं या जगात!" असं म्हणत कपाळावर हात मारायचे, छताकडे बघायचे आणि थांबायचे. हा थांबा टाळ्यांसाठी असायचा. जुनी सवय, जाते कुठे? तनिष्का पहिल्यांदा नापास झाली ती याच थांब्यात. ती फिसकन हसली आणि काका भूमिका सोडून म्हणाले, "पोरी, गंभीर नाटकात हसणारा प्रेक्षक अख्खा अंक पाडतो." त्यावर ती आणखी हसली.

हे सारं रुग्णोबाने जसंच्या तसं उचललं. दर मोठ्या वाक्यानंतर तोही छताकडे बघून थांबायचा. मुलींना किल्ली सापडायला वेळ लागला नाही. त्या थांब्यात छातीवर हात ठेवून 'अरेरे!' म्हटलं की पडद्यावर विश्वास भराभर चढायचा. वर्गात पहिली येणाऱ्या श्रावणी जगदाळेने साधं, मध्यम आणि काळजाला हात घालणारं असे अरेरेचे तीन प्रकार बसवले होते. सगळ्या बॅचला नव्वदच्या पुढे गुण पडू लागले. एकट्या तनिष्काचं गाडं हसण्यावर अडलं होतं.

आणि दिगूकाका? त्यांचा कॉलेजने सत्कार केला. शाल, श्रीफळ, गुच्छ. "काका, या यंत्राच्या रूपाने तुम्ही अमर झालात!" असं मॅडम भाषणात म्हणाल्या. काका भरून पावले. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मग मंगळवारी किती वाजता येऊ?" मॅडमनी कपाकडे बघत सांगितलं, "आता तुम्हाला यायची तसदी नको, काका." आपल्याकडे माणसाला घरी पाठवायचं असलं की त्याच्या खांद्यावर शाल घालतात. थंडी वाजायला लागते ती नंतर.

परीक्षेच्या आधी मुलींना मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेलं. प्रत्येकीने एक रुग्ण निवडून त्याच्याशी बोलायचं होतं. बाकांवर पंधरावीस माणसं शांत बसून होती. कुणी चप्पल बघत होतं, कुणी भिंत. मुली त्यांच्यासमोरून तरातरा पुढे गेल्या आणि खिडकीशी उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाभोवती गोळा झाल्या. तो हात पसरून ओरडत होता, "काय पाप केलं म्हणून ही येळ आली माझ्यावर!" श्रावणीने त्याला खुर्चीत बसवलं, तिसऱ्या प्रकारचं अरेरे घातलं आणि तासाभरात त्याची परिचर्या योजना लिहून काढली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "आवं शिस्टर, मला काय धाड भरलीय? आजारी माझा मेव्हणा हाय. त्यो काय तिकडं कोपऱ्यात बसलाय. सकाळपास्नं रांगेत उभं ऱ्हाऊन माझं पाय गेलं म्हणून वरडतोय मी!"

मेव्हण्याशेजारी तनिष्का बसली होती. ती त्याला काही विचारत नव्हती, कारण विचारलं तर आपल्याला हसू येईल अशी तिला धास्ती होती. पण त्या अर्ध्या तासात तिला एकदाही हसू आलं नाही. याचं तिला जरा नवल वाटलं आणि मग ती विसरून गेली.

लोखंडे मॅडम मात्र त्या दिवसापासून कासावीस होत्या. सबंध बॅचने धडधाकट माणसाला आजारी ठरवावं, हे त्यांना झोंबलं होतं. त्यातच विद्यापीठाने कळवलं, की परीक्षेला जिवंत रुग्ण-कलाकार हवा. रुग्णोबाची नजर गुण देईल, पण खुर्चीत माणूस बसेल. मॅडमनी दिगूकाकांना फोन लावला. काका "येतो" एवढंच म्हणाले. एवढ्यावर त्यांनी फोन कधी ठेवला नव्हता, पण परीक्षेच्या गडबडीत मॅडमना तेवढी उसंत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी काका कापडी पिशवी घेऊन आले. बरेच वाळले होते. कुणीतरी "काका, काय फॉर्मात आहात! भूमिकेसाठी वजन उतरवलंत?" असं विचारलं. काका नुसते खुर्चीत जाऊन बसले. रुग्णोबाला कोपऱ्यात सरकवून त्याची नजर तेवढी चालू ठेवली होती. काचेपलीकडे मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक बिडवे सर बसले. सरांना दुपारची गाडी गाठायची होती आणि ते त्यांनी आल्या आल्याच सर्वांना सांगून टाकलं होतं.

पहिली श्रावणी आत गेली. "कसं वाटतंय तुम्हाला?" तिने मधाळ आवाजात विचारलं.

"चाललंय," काका म्हणाले.

श्रावणीने थांबा येईल म्हणून वाट पाहिली. तो येईना, तेव्हा तिने अंदाजानेच "अरेरे!" म्हणून घेतलं.

"असू दे, बाई," काका म्हणाले.

पडद्यावर आलं : 'समोरची व्यक्ती रुग्ण नाही. अभिनय अपुरा.' दुसरी मुलगी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. काका दर वेळी दोनचार शब्द बोलत आणि फरशीकडे बघत. दर वेळी पडद्यावर तेच. बिडवे सरांनी घड्याळाकडे बघितलं. "हे काय मॅडम? तुम्ही तर म्हणालात, मोठे नट आहेत."

मॅडमनी माईक ओढला. "काका, जरा रंगवा ना. नेहमीसारखं."

"बघतो," काका म्हणाले. पण रंगलं काहीच नाही.

बाहेर तनिष्काने दाढेखाली लवंग धरली होती. हसू आलं की कचकन चावायची, म्हणजे डोळ्यांत पाणी येईल आणि गुणही मिळतील, असा दुहेरी बेत होता. नाव पुकारलं तशी ती आत गेली आणि काकांसमोर बसली.

"काका, कसे आहात?"

"चाललंय."

"जेवलात का?"

काकांनी जरा आठवून बघितलं. "जेवलो असेन."

तनिष्का दाढ आवळून कपाळावरच्या हाताची वाट बघू लागली. हात मांडीवरच्या पिशवीवर पडून होता. पंखा फिरत होता. काका बोलत नव्हते, छताकडे बघत नव्हते, कुणाच्या टाळ्यांसाठी थांबतही नव्हते. ते नुसते थांबलेले होते. आणि तनिष्काच्या ध्यानात आलं, की आपल्याला हसू येत नाहीये. थोडंसुद्धा नाही. दिगूकाका समोर आहेत आणि आपलं पोट हलत नाही, हे कळल्यावर तिला भीती वाटली. मनोरुग्णालयातल्या त्या बाकावरही हसू असंच आटलं होतं.

तिने लवंग थुंकून हातरुमालात घेतली. "काका, आपण जरा थांबवूया. शर्ट काढा आणि नाव सांगा तुमचं."

"कसला शर्ट?"

"वॉर्डचा. पट्ट्यांचा."

काकांनी पिशवी किंचित वर उचलून दाखवली. "तो होय. यात आहे. घालायचा राहूनच गेला."

परीक्षेच्या घाईत कुणीच न बघितलेलं तनिष्काने आता बघितलं. काकांच्या अंगात त्यांचा रोजचा पांढरा बुशशर्ट होता. "म्हणजे मघाशी श्रावणीला, त्या बाकीच्यांना तुम्ही..."

"त्या विचारत होत्या, मी सांगत होतो," काका म्हणाले.

भोंगा वाजला. 'संवाद पटकथेबाहेर. गुणकपात सुरू.' पाठोपाठ मॅडमचा आवाज : "शेवाळे, वर्षाचा प्रश्न आहे. ठरलेले प्रश्न विचार." तनिष्काला आई आठवली, पार्लर आठवलं, सगळं विटा आठवलं. ठरलेले प्रश्न तिला पाठ होते. पाच मिनिटांत ते विचारून झाले असते, हसूही येत नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा ती या विषयात सुटली असती. तिने खुर्ची ओढून काकांच्या शेजारी घेतली.

"काका, जगू नये असं वाटतं का हो तुम्हाला?"

इतकं सरळ विचारायचं असतं, हे मॅडमनीच शिकवलं होतं. विचारल्याने ते मनात येत नाही. आलेलं असलं तर बोलायला वाट मिळते. रुग्णोबाला हा प्रश्न विचारायची वेळच कधी यायची नाही, तो आपणहून ओरडून सांगायचा.

काकांनी मांडीवरच्या पिशवीची घडी बोटाने सरळ केली.

"रोज नाही," ते म्हणाले.

कोपऱ्यातून पडद्यावर पुन्हा उमटलं : 'व्यक्ती रुग्ण नाही. अभिनय अपुरा.'

"मॅडम," तनिष्का काचेकडे तोंड करून म्हणाली, "नाटक नाहीये हो हे!"

लोखंडे मॅडम आत आल्या त्या कडक इस्त्रीच्या साडीत थेट फरशीवरच बसल्या. "काका, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "एवढ्या महिन्यांत मी तुम्हाला एक फोन केला नाही. आज केला तोही कामासाठी."

"तुमचं काय चुकलं?" काका म्हणाले. "मंगळवार आला की मी दाढी करतो. मग आठवतं, की जायचं नाहीये. मग तिथेच बसतो. एवढंच आहे." त्यांनी कोपऱ्यात मान वळवली. "आणि तो छान करतो म्हणे. माझ्यापेक्षा बरा. चुकत नाही, खोकत नाही."

तनिष्का काकांजवळून हलली नाही. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला, मग काकांच्या पत्नीला, सुमनकाकूंना केला. काका उठून डॉक्टरांच्या गाडीत बसले तेव्हाही तनिष्का त्यांच्या शेजारी होती. परीक्षेचं तिला नंतर आठवलं. यंत्राने तिला शंभरपैकी सात गुण दिले होते.

इथे बिडवे सरांनी आपली बुद्धी दाखवली. गाडी तर त्यांची केव्हाच सुटली होती. "रोल-प्लेच्या परीक्षेला रोल लागतो," ते म्हणाले. "शर्ट अंगात नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे रोल नव्हता. रोल नाही म्हणजे परीक्षा झालेलीच नाही. सगळ्यांची पुन्हा घ्या." श्रावणी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. फेरपरीक्षा साताऱ्याच्या एका अबोल बाईंसमोर झाली, आणि तनिष्का चक्क बरी पास झाली.

दिगूकाकांना गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा ते डॉक्टरांशी बोलायला जात. मंगळवारी तनिष्का त्यांच्या घरी चक्कर टाके. गोळ्यांनी झोप लागू लागली, वजन थोडं भरलं. पण विचारलं की उत्तर एकच : चाललंय. सुमनकाकू तिला दारापर्यंत सोडायला येत आणि हळू आवाजात सांगत, "चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी नावं ठेवल्याशिवाय घास गिळला नाही गं. आता पुढ्यात ठेवू ते खातात. मला बघवत नाही."

एका मंगळवारी तनिष्काने बातमी आणली. रुग्णोबाला नव्याने शिकवायचं ठरलं होतं. बरे झालेले रुग्ण स्वखुशीने, परवानगी देऊन बसणार होते. जुन्या फिती काढून टाकणार होते.

"सगळ्या?" काकांनी विचारलं.

"हो."

काकांनी चहाचा एक घोट घेतला. "पोरी, तू माझ्यापुढे नेहमी हसायचीस. खरं सांग. मी वाईट करायचो का?"

तनिष्काची पंचाईत झाली. खोटा दिलासा देऊ नये, हा धडा तिला आता पाठच होता. पण समोरचा माणूस नुकता कुठे सावरत होता.

"वाईट नाही, काका," ती अखेर म्हणाली. "भयंकर करायचात."

काकांनी तोंडाशी नेलेला कप तसाच धरून ठेवला. झालं, तनिष्काच्या मनात आलं, एवढ्या महिन्यांचं औषधपाणी मी एका शब्दात पाण्यात घातलं. तेवढ्यात तिला काकांचे कान दिसले. ते लाल व्हायला लागले होते.

"भयंकर?" काका म्हणाले. कप बशीवर आदळला. "भयंकर? तुला अभिनयातलं कळतं काय गं? विट्यात रंगमंदिर तरी आहे का धड? हा हात बघ!" ते उठले. "हा हात असा वरून आला नाही, तर शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने बघायचं काय? माझं टक्कल?" त्यांनी कपाळावर असा काही हात मारून घेतला की शोकेसमधली बाहुली हलली.

तनिष्काला हसू फुटलं. पदर नव्हता म्हणून तिने ओढणी तोंडात कोंबली, तरी आवरेना.

"हसतेस काय! निर्लज्ज! त्या फिती काढायच्या तर काढा म्हणावं, पण माझ्या थांब्याला नावं ठेवायची नाहीत! आणि हा चहा!" काका स्वयंपाकघराकडे वळून गरजले. "याला चहा म्हणतात? साखर आहे का यात? की गोडाचा नुसता भास?"

सुमनकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पक्कड होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा फुलून आला होता.

"बेचव झालाय ना?" त्या म्हणाल्या. "थांबा, दुसरा करते."